भर दुपारचा दिवा

मराठी दुकानदार दुकान बंद करीत नाही, तो ते वाढवतो. मंगळसूत्र तुटणे, बांगडी फुटणे, नारळ फोडणे या क्रिया ज्याप्रमाणे घरातील वडीलधाऱ्या स्त्रिया त्यांच्या उघड्या नावाने उच्चारीत नसत आणि त्या सर्वांना 'वाढणे', 'वाढवणे' हे एकच मंगल क्रियापद लावून अशुभाला उंबऱ्याबाहेर ठेवीत, त्याचप्रमाणे रात्री फळ्या सरकवून कडीला कुलूप घालणारा वाणीही 'दुकान वाढवून येतो' असेच म्हणे, कारण जे आज मिटले ते उद्या सकाळी पुन्हा उघडणार हा भरवसा त्याला स्वतःला हवा असे आणि त्याच्या गिऱ्हाइकालाही हवा असे. परंतु जे दुकान उद्या उघडायचेच नसते त्याच्यासाठी भाषेने असले कोणतेही सौजन्य राखलेले नाही. तेथे दिवाळे निघते, पेढी बसते, ठेवी बुडतात, मालक हात वर करतो आणि शेवटी दिवाळे वाजते. या सर्व प्रयोगांत 'वाजते' हा शब्द मला सर्वांत अर्थपूर्ण वाटतो. दिवाळे ही झाकून ठेवण्याची गोष्ट नव्हती. ती चारचौघांच्या कानांवर आणि डोळ्यांवर पडावी अशीच घडत असे, आणि ती तशी पडावी यासाठी आपल्याकडील व्यापारी समाजाने एक रिवाजच घालून ठेवला होता.

रॉबर्ट ड्रमंड याने गुजराती व मराठी भाषांतील संज्ञांचे विवरण करणारे एक पुस्तक १८०८ साली मुंबईत प्रसिद्ध केले. त्यातील दिवाळ्याविषयीची नोंद यूल आणि बर्नेल यांनी १८८६ साली 'हॉब्सन-जॉब्सन' या आपल्या प्रसिद्ध कोशात उतरून घेतली, म्हणून ती आज सहज हाती लागते. नोंदीचा आशय असा की, आपला व्यापार डबघाईस आला आहे किंवा बुडालाच आहे असे ज्या उदमी माणसाला कळून चुकते, तो आपल्या घरात, दुकानात किंवा पेढीवर एक ढणढणता दिवा लावून ठेवतो आणि स्वतः तेथून काही काळ निघून जातो. हिशेब उघड करून किंवा शिल्लक मालमत्तेची वाटणी करून सावकारांचे समाधान होईपर्यंत तो परत येत नाही. 'दिवाळे' हा शब्द दिव्यावरूनच आला की नाही याविषयी पंडितांत मतभेद आहे आणि कोशकारांनीही तो मोकळेपणाने नमूद केला आहे. व्युत्पत्तीचा निकाल काहीही लागो, रिवाजाची साक्ष मात्र त्यामुळे उणी होत नाही.

ही नोंद वाचताना माझ्या डोळ्यांपुढे एक पेठ उभी राहते. वैशाखातली दुपार आहे, बैलगाड्या सावलीला सोडलेल्या आहेत, कापडवाल्याचा गुमास्ता कोनाड्याला टेकून पेंगतो आहे, आणि एका पेढीच्या ओसरीवर, जेथे रोज या वेळी शेठ लोडाला टेकून बसलेले असत, तेथे गादी गुंडाळून उभी केलेली असून समोर भर उन्हात एक दिवा जळतो आहे. तिन्हीसांजेला लक्ष्मीच्या स्वागतासाठी लावायचा जो दिवा, तोच सूर्य माथ्यावर असताना लावलेला पाहून जाणाऱ्या-येणाऱ्याला काय वाटत असेल! ज्याला अक्षरओळख नाही अशा हमालालाही ती नोटीस वाचता येत असे, कोणाचीही ठेव तेथे असली तरी त्याला ती एकाच दिवशी कळत असे, आणि शेठजींच्या जावयाला आधी व विधवा मोलकरणीला मागाहून असा भेद त्या उजेडाला करता येत नसे.

आजच्या नादारीच्या कायद्यात ज्या तत्त्वांसाठी कलमांमागून कलमे खर्ची पडली आहेत, ती तत्त्वे या एका दिव्यात जवळजवळ सगळी सामावलेली दिसतात. पहिले जाहीर सूचनेचे. दुसरे, ऋणकोला काही काळ तगाद्यापासून मोकळीक देण्याचे. तिसरे, वही उघडी करण्याचे. आणि चौथे, उरले असेल ते सर्वांना प्रमाणात वाटून देण्याचे. त्या काळचा व्यापारी साधुपुरुष होता असे मी म्हणणार नाही, कारण दिवा न लावताच रातोरात गाव सोडणारेही असणारच. पण जो दिवा लावीत असे त्याची अब्रू अगदीच गेलेली नसे, आणि हिशेब चुकता करून तो पुन्हा त्याच पेठेत बसू शके. बुडणे आणि बुडवणे या दोन क्रियापदांतील अंतर समाजाला त्या दिव्याने दाखवून दिले होते.

आता ओसरीपुढे जमलेल्या माणसांकडे पाहू. त्यांत रक्कम व्याजाने दिलेले सावकार असतात, हे उघड आहे; पण त्यांच्यामागे, जराशी बिचकून, दुसरीही मंडळी उभी असतात. कोणी मुलीच्या लग्नासाठी पाटल्या घडवायला सोने दिलेले असते, कोणी शालूसाठी इसार देऊन ठेवलेला असतो, कोणी यात्रेला जाताना चार मोहरा सांभाळायला म्हणून ठेवलेल्या असतात. ही माणसे स्वतःला गिऱ्हाईक समजतात. माल हाती येण्यापूर्वी ज्याने दुकानदाराच्या हाती पैसा दिला तो त्या क्षणापासून गिऱ्हाईक राहिला नाही, तो त्या दुकानाचा सावकार झाला, आणि तोही बिनव्याजी, बिनतारणी व बेसावध सावकार, ही गोष्ट त्यांना त्या दिव्याच्या उजेडातच प्रथम दिसते. मंदीच्या काळात दुकाने का बसतात याची कारणे शंभर सांगता येतील. पण गिऱ्हाइकाचे पैसे का बुडतात याचे कारण बहुधा हे एकच असते.

आपल्या पूर्वजांना हा भेद चांगला ठाऊक होता, याला त्यांची शब्दसंपत्ती साक्ष आहे. याज्ञवल्क्यस्मृतीच्या व्यवहाराध्यायात ऋणादानाचे प्रकरण वेगळे आणि उपनिधीचे वेगळे आहे. उपनिधी म्हणजे पेटीत घालून, वर मोहोर करून, आत काय आहे हे न सांगता दुसऱ्याच्या स्वाधीन केलेली वस्तू. ती जशीच्या तशी परत करायची. राजाने नेली, दैवाने नष्ट झाली किंवा चोरांनी पळवली तर ठेवणाऱ्याचा दोष नाही, पण स्वतःच्या मर्जीने तिचा उपभोग घेतला तर तो दंडास पात्र. याच स्मृतीत सत्यंकार म्हणून एक संज्ञा आहे. सौदा पक्का झाल्याची खूण म्हणून आगाऊ दिलेली जी रक्कम ती सत्यंकार, आणि घेणारा बोलल्याप्रमाणे वागला नाही तर त्याने ती दुप्पट परत करावी असा तेथे दंडक आहे. मराठीतला 'संचकार' तो हाच. पुढे फारसी अंमलात अनामत, बयाणा हे शब्द आले आणि दप्तरांत रूढ झाले, विसार व इसार जमिनीच्या सौद्यांत आजवर टिकले. अनामत निराळी, ठेव निराळी, इसार निराळा, उचल निराळी. आणि प्रत्येकीत रक्कम कोणाची, धोका कोणाचा व परतफेड कशाने, याचे उत्तर निराळे. आज आपण या सर्वांना 'ॲडव्हान्स' या एकाच शब्दात गुंडाळून टाकले आहे, आणि माझे स्पष्ट मत असे आहे की शब्द गेले तेव्हाच अर्धी सावधगिरी गेली.

सराफी व्यवहारात तर ही सावधगिरी कलेच्या पदवीला पोचलेली होती. हुंडी ही वाटेत चोरीला जाऊ शकते हे गृहीत धरून शाहजोग हुंडीचा प्रकार निघाला. तिचे पैसे बाजारात पत असलेल्या 'शाह' माणसाच्या मार्फतच मिळत, त्यामुळे चोराच्या हाती कागद पडला तरी रुपये पडत नसत आणि पडलेच तर कोणामार्फत गेले याचा माग लागे. मूळ हुंडी हरवली तर पेठ लिहून मिळे, पेठही हरवली तर परपेठ. ज्याच्यावर हुंडी काढली त्याने ती नाकारली तर काय, याचीही तजवीज होती. हुंडीबरोबर त्याच गावातील दुसऱ्या व्यापाऱ्याच्या नावे जिकरी चिठ्ठी दिलेली असे, आणि तो धनी पुढे होऊन हुंडी सकारीत असे. रक्कम चुकती झाली की हुंडीचा खोका होई आणि तो जपून ठेवला जाई. एका दुकानाचे दार बंद निघाले तर दुसरे कोणते ठोठवायचे हे रक्कम देण्यापूर्वीच ठरवून ठेवायचे, हा या सगळ्या व्यवस्थेचा पाया.

या व्यवस्थेला आणखी एक बळ होते, ते खबरीचे. पानिपतच्या अनर्थाची वार्ता नानासाहेब पेशव्यांना उत्तरेच्या वाटेवर कळली ती सावकारी पत्रातून, मोती, मोहरा आणि रुपये-खुर्दा यांच्या सांकेतिक भाषेत, हे मराठी शाळेतल्या मुलालाही ठाऊक असते. आपण त्या पत्रातील करुणा पाहतो आणि ते योग्यच आहे. परंतु त्याची दुसरी बाजूही पाहण्याजोगी आहे. सरकारी जासुदांच्या आधी सावकाराचा कागद पोचावा, एवढे पेढ्यांचे जाळे जागे होते, कारण कोणत्या गावची पेढी डळमळते आहे हे चार दिवस आधी कळणे यावर त्यांचा सर्व संसार अवलंबून होता. सामान्य गिऱ्हाइकाला असे जासूद नसत. त्याला पेठेतली कुजबुज हीच काय ती खबर.

आणि खबर उशिरा लागली तर? मग तगादा, आणि तगाद्याने भागले नाही तर धरणे. धनको ऋणकोच्या दारात बसे, उपोषण करी, आणि रिवाज असा की तो उपाशी असेपर्यंत आतल्या माणसालाही अन्न घेता येत नसे. शिंद्यांच्या छावणीत १८०९ साली राहिलेल्या ब्रॉटन या इंग्रज अधिकाऱ्याने आपल्या पत्रांत या प्रथेचे वर्णन केले आहे. तेथे तर पगार थकलेले शिपाई खुद्द सरकारच्या दाराशी धरणे धरीत. दुबळ्याच्या हातातले हे शस्त्र इंग्रजी अमलाला मानवले नाही. १८६० च्या दंडसंहितेतील ५०८ व्या कलमाखाली जे पहिले उदाहरण दिलेले होते, ते दाराशी धरणे धरून घरमालकावर दैवी कोप ओढवेल अशी भीती घालणाऱ्या माणसाचेच होते. धरण्यात जबरदस्ती होती हे मला मान्य आहे. परंतु ज्याने ते काढून घेतले त्याने त्याच्या जागी गरिबाला परवडेल असे काय दिले, हा प्रश्न पुढे शंभर वर्षे रेंगाळत राहिला.

त्या प्रश्नाचा सर्वांत भयंकर अनुभव मुंबईला १८६५ साली आला. अमेरिकेतील यादवी युद्धामुळे १८६१ पासून लँकेशायरच्या गिरण्यांना तिकडचा कापूस मिळेनासा झाला, मुंबईच्या कापसाला सोन्याचा भाव आला, आणि शहरात इतका पैसा लोटला की त्याचे काय करावे हेच लोकांना सुचेना. समुद्र हटवून जमीन काढणाऱ्या कंपन्या निघाल्या, बँका निघाल्या, बँकांना कर्ज देणाऱ्या मंडळ्या निघाल्या; १८६५ च्या आरंभी शहरात ३१ बँका आणि १६ वित्तसंस्था होत्या. बॅकबे कंपनीचा पाच हजारांचा शेअर पन्नास हजारांच्या घरात गेला. दिनशा वाच्छा यांनी तारुण्यात हे वेड स्वतःच्या डोळ्यांनी पाहिले होते आणि १९१० साली मुंबईच्या आर्थिक इतिहासातील या प्रकरणावर स्वतंत्र पुस्तक लिहून त्यांनी ते नोंदवून ठेवले. ९ एप्रिल १८६५ रोजी जनरल लीने शस्त्र खाली ठेवले, युद्ध संपल्याची वार्ता मुंबईस आली आणि कापूस कोसळला. वायद्याच्या सौद्यांची मुदत १ जुलैला भरत होती. त्या दिवशी देणे कोणालाच देता येईना, कारण प्रत्येकाचे देणे दुसऱ्याच्या येण्यावर टांगलेले होते.

या कहाणीत दलाल प्रेमचंद रायचंद यांचे नाव नेहमी पुढे येते, आणि त्यांच्या मातेच्या नावाचा राजाबाई मनोरा आजही उभा असल्यामुळे ते विसरले जाणेही शक्य नाही. मला मात्र त्याहून बोधप्रद वाटतो तो बँक ऑफ बॉम्बेचा इतिहास. १८४० साली निघालेल्या या बँकेत सरकार स्वतः भागीदार होते, सरकारचे प्रतिनिधी संचालकांत बसत, आणि म्हणून ती बुडणे अशक्य अशी शहराची समजूत होती. शेअरच्या तारणावर कर्ज देण्यास पूर्वी तिला मनाई होती. १८६३ च्या कायद्याने तो बांध सैल केला, आणि बँकेने ज्या कागदांवर लाखो रुपये दिले ते कागद दोन वर्षांत रद्दी झाले. १८६८ मध्ये जुनी बँक मोडून त्याच नावाची नवी काढावी लागली आणि सर चार्ल्स जॅक्सन यांच्या अध्यक्षतेखाली चौकशी आयोग बसला. पाटीवरचे नाव तेच, आतील धनी आणि जबाबदारी निराळी, हा प्रकार मुंबईकरांनी तेव्हा पाहिला. मंदीत बसलेल्या दुकानाचे नाव विकत घेऊन नवा मालक जेव्हा फळ्या उघडतो आणि जुन्या पावत्या ओळखत नाही, तेव्हा आजही तोच प्रकार घडतो.

मुंबईचा फुगा फुटल्याचे पडसाद दख्खनच्या खेड्यांत दहा वर्षांनी उमटले. भाव उतरले, सारा वाढला, कर्ज राहिले. आणि १२ मे १८७५ रोजी भीमथडी तालुक्यातील सुपे गावी कुणब्यांनी सावकारांच्या घरांवर जाऊन खते आणि वह्या जाळल्या. जीव घेण्यापेक्षा कागद जाळण्याकडे त्यांचा रोख होता, ही गोष्ट या दंग्यांच्या चौकशी आयोगालाही लक्षणीय वाटली. जी वही दिवा लावणारा व्यापारी सर्वांसमोर उघडी करी, ती ज्या समाजात कधीच उघडी होत नव्हती तेथे ती जळाली.

नादारीचा कायदा मुंबई, कलकत्ता व मद्रास या तीन शहरांना १८२८ साली लागू झाला, १८४८ साली त्याची नवी आवृत्ती निघाली, पुढे इलाखा शहरांसाठी १९०९ चा आणि बाकी मुलखासाठी १९२० चा कायदा आला. हा दुसरा कायदा गावोगावच्या एकट्या मालकीच्या दुकानदाराला आजही लागू आहे, आणि नादारीच्या अर्जासाठी पाचशे रुपयांच्या कर्जाची जी अट त्यात तेव्हा घातली ती शंभर वर्षांत जागची हललेली नाही. १८४८ याच वर्षी लंडनच्या उमरावसभेने फोली विरुद्ध हिल या खटल्यात दिलेला निर्णय आपल्याकडील ठेवीदारांच्या दृष्टीने त्या कायद्यांहूनही महत्त्वाचा ठरला. बँकेत भरलेला पैसा बँकेचा होतो, भरणारा त्याचा मालक राहत नाही, तो केवळ धनको राहतो, असे त्या निर्णयाने ठरवून टाकले. स्मृतिकारांच्या मोहोरबंद पेटीला तेथे जागा उरली नाही.

मग १९१३ आले. स्वदेशीच्या उत्साहात निघालेल्या बँकांपैकी मुंबईची इंडियन स्पेसी बँक चांदीच्या सट्ट्यात त्या वर्षाच्या नोव्हेंबरात बसली, आणि पुढच्या चार-पाच वर्षांत देशभर बँकांच्या दारांना कुलपे लागत गेली. १९६० साली अकोल्याची लक्ष्मी बँक आणि केरळातील पलाई सेंट्रल बँक एकाच वर्षात बुडाल्या तेव्हा कोठे सरकारला ठेवीदाराची आठवण झाली. वऱ्हाडातल्या कापूसवाल्यांची आणि पेन्शनरांची लक्ष्मी अकोल्यात बुडावी आणि तिच्या बुडण्यातून साऱ्या देशातल्या ठेवीदाराला संरक्षण मिळावे, ही घटना महाराष्ट्राच्या इतिहासात अधिक ठळकपणे लिहिली जायला हवी होती. १ जानेवारी १९६२ पासून ठेव विमा महामंडळ सुरू झाले आणि दर ठेवीदाराला १५०० रुपयांपर्यंत हमी मिळाली. ती रक्कम वाढत वाढत १९९३ साली १ लाख झाली, सत्तावीस वर्षे तेथेच अडून राहिली, आणि २०२० मध्ये ५ लाख झाली.

पण बँकेला मिळाले ते दुकानाला मिळाले नाही. दुकानदाराकडे ठेवलेल्या रकमेला विमा नाही, आणि येथे मला एक घरातली गोष्ट सांगावीशी वाटते.

१९७२ च्या दुष्काळाच्या साली आम्ही एका तालुक्याच्या गावी राहत होतो. बाजारपेठेत भांड्यांचे एक मोठे दुकान होते, आणि त्या दुकानाने बायकांसाठी भिशी काढली होती. दरमहा दहा रुपये भरायचे, अकरा महिने झाले की बारावा हप्ता दुकानदाराने घालायचा, आणि अक्षय्य तृतीयेला एकशेवीस रुपयांची भांडी घरी न्यायची. मध्ये ज्याची सोडत निघेल त्याला पुढचे हप्ते माफ. आईजवळ गुलाबी पुठ्ठ्याचे एक कार्ड होते, त्यावर चौकटी छापलेल्या होत्या आणि दर महिन्याला दुकानाचा गुमास्ता एकेका चौकटीत जांभळा शिक्का मारी. आईला पितळेचा एक हंडा हवा होता. तो दुकानात वरच्या फळीवर पालथा ठेवलेला असे, आणि हप्ता भरायला गेली की ती तो एकदा पाहून घेई. आमच्या शेजारच्या काकूंचा मात्र निराळाच खाक्या होता. त्या दहा रुपये पुढे करीत आणि म्हणत, "शेठ, पैसे घ्या आणि तेवढ्याचं काहीतरी हातात द्या. सोडतीत माझा नंबर नाही लागला तरी चालेल." मग एखाद्या महिन्यात चार वाट्या, एखाद्या महिन्यात पळी, कधी झाकणी असे त्या घेऊन येत. बायका त्यांना हसत, कारण अशाने बारावा हप्ता फुकट मिळत नाही.

नवव्या शिक्क्यानंतर एके सकाळी दुकानाच्या फळ्या निघाल्याच नाहीत. दिवा नव्हता, चिठ्ठी नव्हती, गुमास्ताही नव्हता. पायरीवर पंचवीस-तीस बायका गुलाबी कार्डे हातात धरून दुपारपर्यंत उभ्या होत्या, आणि फळीच्या फटीतून आत पाहणाऱ्या एकीने सांगितले की आतल्या फळ्या मोकळ्या दिसतात. माल आदल्या आठवड्यातच घाऊक व्यापाऱ्यांनी उचलून नेला होता. ते जाणते होते, त्यांना पेठेतली कुजबुज कळत होती. त्या बायकांना कोण सांगणार? पुढे कित्येक महिन्यांनी त्याच फळीवर दिवाणी न्यायालयाची एक नोटीस चिकटवली गेली, बारीक टाइपात, अमुक तारखेच्या आत ज्यांचे येणे असेल त्यांनी पुराव्यासह दाखल करावे अशी. ती वाचायला पायरीवर आता कोणी उभे नव्हते. माझे वडील शाळामास्तर होते म्हणून त्यांनी ती वाचली, आईचे कार्ड आणि प्रतिज्ञालेख घेऊन ते तालुक्याच्या कचेरीत दोनदा गेले, आणि आळीतल्या आणखी चार बायकांचेही अर्ज त्यांनीच लिहून दिले. बाकीच्यांनी कार्डे देवळीत टाकून दिली होती.

त्या वेळच्या आणि आजच्या कायद्यांत बरेच अंतर पडले आहे, हे मान्य केले पाहिजे. महाराष्ट्राने १९९९ साली ठेवीदारांच्या हितरक्षणाचा स्वतंत्र कायदा केला, तो वित्तीय आस्थापनांच्या नावाखाली लोकांच्या ठेवी गिळणाऱ्यांची मालमत्ता जप्त करण्याचा अधिकार सरकारला देतो. कंपनी कायद्याखालील २०१४ च्या नियमांनी असे ठरवले की मालापोटी घेतलेली आगाऊ रक्कम ३६५ दिवसांच्या आत मालाने फेडली नाही तर ती ठेव समजली जाईल आणि ठेवीचे सर्व कडक नियम तिला लागतील. मोठ्या सराफी दुकानांच्या सुवर्णयोजना अकरा महिन्यांच्या का असतात, हे कोडे ज्यांना पडले असेल त्यांना त्याचे उत्तर या ३६५ दिवसांत सापडेल. २०१६ च्या नादारी व दिवाळखोरी संहितेनुसार कंपनीवर कारवाई सुरू झाली की एका इंग्रजी आणि एका प्रादेशिक वर्तमानपत्रात जाहीर सूचना द्यावी लागते, आणि ती कारवाई हाताळणाऱ्या व्यावसायिकाच्या नेमणुकीपासून १४ दिवसांत दावा दाखल करायचा असतो. भर दुपारचा दिवा आता वर्तमानपत्राच्या आतल्या पानावर, लिलावाच्या आणि हरवलेल्या दस्तऐवजांच्या जाहिरातींच्या शेजारी लागतो. पैसे वाटण्याची वेळ आली की प्रथम कारवाईचा खर्च, मग कामगार आणि तारणधारक, मग इतर नोकर, मग बिनतारणी वित्तीय धनको, मग सरकारी येणे. आणि ज्याने पंख्यासाठी किंवा पाटल्यांसाठी आगाऊ रक्कम भरली तो या सर्वांच्या मागे, 'इतर देणी' या सदरात. घर घेणाऱ्यांनी २०१८ मध्ये भांडून या रांगेत वरची जागा मिळवली आणि सर्वोच्च न्यायालयाने पुढच्या वर्षी ती कायम केली. पंखेवाल्यांना आणि पाटल्यांवाल्यांना अजून कोणी पुढे घेतलेले नाही. घर आणि बँक यांना जे मिळते ते भांड्यांच्या, कापडाच्या, शिकवणीच्या आणि व्यायामशाळेच्या आगाऊ पैशाला का मिळू नये, हे मला कळत नाही, आणि ज्या रकमा एका घरापुरत्या लहान असतात त्या एका गावापुरत्या केवढ्या मोठ्या होतात हे त्या पायरीवर उभे राहिल्याशिवाय कायदा करणाऱ्यांना कळेल असे वाटत नाही.

दुकान बसल्यावर अडीच वर्षांनी आईच्या नावाने मनीऑर्डर आली. रुपयाला अठरा पैसे या प्रमाणात नव्वद रुपयांचे सोळा रुपये वीस पैसे. पोस्टमनने ते ओट्यावर मोजून दिले, आणि आईने सहीची सवय नसल्यामुळे फार जपून, एकेक अक्षर सुटे काढीत, फॉर्मवर सही केली. त्या दिवशी संध्याकाळी काकूंकडे हळदीकुंकू होते. तेथे डाळ वाढायला त्यांनी त्या दुकानातली पळी घेतली होती, आणि आईने वाटी पुढे करताना तिच्याकडे एकदा पाहिले.